‘वाचवा’ म्हणणारे वाङ्मय

आमच्या मासिकांतून कादंबऱ्यांची, कवितासंग्रहांची व नाटकांची परीक्षणे नेमाने येतात. क्वचित एखाद्या कोशाचे वा व्याकरणाचेही येते. परंतु जे वाङ्मय प्रत्येक सुशिक्षित घरात न मागता येऊन पडते, ज्याच्या प्रतींच्या संख्येचा कोणत्याही लोकप्रिय कादंबरीकाराने हेवा करावा, आणि वाचकाच्या वर्तनात फरक पडावा अशी ज्याच्या कर्त्याची उघड इच्छा असते, त्याचे परीक्षण कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हे वाङ्मय म्हणजे वीज, पाणी आणि गॅस जपून वापरण्याचा उपदेश करणारे वाङ्मय होय. ते विजेच्या बिलावर छापलेले असते, पाण्याच्या टाकीवर निळ्या अक्षरांत रंगवलेले असते, शाळांच्या भिंतींवर असते. आणि १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन जवळ आला म्हणजे त्यास विशेष बहर येतो.

उपदेशपर म्हणून हे लिखाण परीक्षणास अपात्र आहे असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. मराठी वाङ्मयाचा अर्धाअधिक भाग उपदेशाचाच आहे. संतांनी उपदेश केला, लोकहितवादींनी केला, आणि ज्यांनी उपदेशाचा तिटकारा असल्याचे जाहीर केले त्या आमच्या कित्येक कादंबरीकारांनीही तो शेवटच्या प्रकरणात चोरून केलाच. तेव्हा उपदेश आहे की नाही हा प्रश्न नसून लेखकास आपला विषय ठाऊक आहे काय, आपला वाचक ठाऊक आहे काय, आणि त्याने योजलेले शब्द खरे आहेत काय, एवढेच पाहावयाचे. ह्या तिन्ही कसोट्यांवर प्रस्तुत वाङ्मय कोठे उतरते ते पाहू.

प्रथम शब्दच घेऊ. ‘वीज वाचवा’, ‘पाणी वाचवा’ ही ह्या वाङ्मयाची मूळ वाक्ये. बाकीचा सारा विस्तार. आता ‘वाचवणे’ हे क्रियापद मराठीत लागते ते बुडणाऱ्या माणसास, जळत्या घरातील मुलास किंवा खाटकाकडे निघालेल्या गाईस. ‘वीज वाचवा’ असे म्हणताच वीज ही कोणी संकटात सापडलेली अबला होते आणि वाचक तिच्या मदतीस धावून जाणारा वीर ठरतो. वास्तविक वाचकाचा ह्या प्रकरणाशी संबंध वीराचा नसून गिऱ्हाइकाचा आहे. बरे, ‘बचत’ म्हणावे तर तो शब्द पेढीचा. पेढीत शिल्लक टाकलेला पैसा खात्यावर दिसतो, त्यावर व्याज मिळते. न जाळलेल्या विजेचे मात्र काहीच दिसत नाही.

आमच्या घरांत ह्याच अर्थाचा एक जुना शब्द होता, आणि तो ह्या वाङ्मयाने का घेतला नाही ह्याचे आम्हांस नवल वाटते. तो शब्द म्हणजे ‘पुरवणे’. ‘तेल पुरवून वापर’, ‘गूळ महिनाअखेर पुरला पाहिजे’, ‘पाणी पुरवून घ्या, अजून तिघांच्या आंघोळी व्हावयाच्या आहेत’ असे आमच्या आज्या म्हणत. ह्या एका क्रियापदात किती गोष्टी आहेत पाहा. वस्तू किती आहे हे त्यात आहे, किती दिवस काढावयाचे आहेत हे आहे, आणि आपल्यामागून कोण घेणार आहे हेही आहे. गंमत अशी की नगरपालिकेचा ‘पुरवठा’ आणि गृहिणीचे ‘पुरवणे’ ही एकाच धातूची लेकरे. घरात पुरवून वापरले तरच बाहेरून पुरवता येते, हा संबंध भाषेने आधीच जोडून ठेवला होता. विदर्भात ज्यांनी उन्हाळ्यात गुंडाने पाणी भरले आहे त्यांस तो समजावून सांगावा लागत नाही.

आता विषयाचे ज्ञान. ह्यासाठी आम्ही वाचकांस चंद्रपुरास नेऊ इच्छितो. शहरातून मोहर्लीच्या वाटेने ताडोबाच्या जंगलाकडे निघाले म्हणजे दुर्गापूर लागते आणि त्यास लागूनच ऊर्जानगर. गावांस देवांची, राजांची, झाडांची नावे असतात. ह्या वसाहतीस मात्र तिच्या धंद्याचेच नाव मिळाले आहे. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या नोकरवर्गासाठी ती वसली. त्या केंद्राचा पहिला संच १९८३ साली चालू झाला. ते पहिले दोन जुने संच आता मोडीत निघाले असून २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच असे मिळून २,९२० मेगावॅटचे सामर्थ्य आज तेथे उभे आहे. कोळसा दुर्गापूर, पद्मापूर अशा जवळच्या खाणींतून येतो, आणि पाणी इरई नदीवरील धरणातून. त्याच धरणाचे पाणी चंद्रपूर शहर पिते.

एक युनिट वीज म्हणजे काय, हे बिलावर कोठेही लिहिलेले नसते. ते येथे कळते. आपल्याकडील कोळशाने एक युनिट निर्माण करावयास सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो. हा कोळसा राखाळ. त्याचा तिसरा हिस्सा, कित्येकदा त्याहूनही अधिक, राख होऊन मागे उरतो. म्हणजे पावशेर राख. पाण्याविषयी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये अधिसूचना काढून जुन्या केंद्रांस दर युनिटामागे साडेतीन लिटरची मर्यादा घालून दिली. मर्यादा घालावी लागली ह्यावरून त्यापूर्वी काय चालले असेल ते समजावे. स्नानगृहातील दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट झाले. तेव्हा ज्या गृहस्थाने गीझर लावून वर्तमानपत्र उघडले आणि अग्रलेख संपवूनच जो उठला, त्याने स्नानाची बादली भरण्याच्या आतच तीन पाव कोळसा, साडेतीन लिटर पाणी आणि पावशेर राख एवढा व्यवहार उरकलेला असतो. वाटेत तारांतून जी वीज गळते तिचा हिशेब आम्ही ह्यात धरलेलाच नाही.

आणि हा गृहस्थ ऊर्जानगरात राहतो असे मुळीच नाही. १९९९ च्या सुमारास चंद्रपुराहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट. महाराष्ट्राच्या एका टोकाचा कोळसा दुसऱ्या टोकास दिव्याच्या रूपाने नेऊन पोचवणारी ही योजना अभियांत्रिकी दृष्ट्या खरोखर कौतुकास्पद आहे. तारेवाटे वीज गेली. राख मात्र चंद्रपुरास राहिली. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी प्रसिद्ध केली तीत चंद्रपुराचा क्रमांक चौथा होता. पुढल्याच वर्षी, २०१० च्या उन्हाळ्यात, इरईचे पाणी इतके खाली गेले की केंद्राचे काही संच बंद ठेवावे लागले. परळीचे केंद्र तर २०१३ साली पाण्यावाचून सर्वस्वी थांबले होते. वीज आणि पाणी ही दोन निरनिराळी खाती आहेत, एकाची भिंत पिवळी रंगवावी व दुसऱ्याची निळी, अशी जी समजूत ह्या वाङ्मयात आढळते तिचा फोलपणा दाखवावयास एवढा दाखला पुरे. चंद्रपुरात दिव्याचे बटण आणि पाण्याची तोटी ही एकाच धरणास जोडलेली आहेत.

ह्यातले एक अक्षरही घोषवाक्यांत उतरत नाही. मध्यंतरी एका शालेय निबंधस्पर्धेच्या परीक्षकमंडळात आम्ही होतो. विषय अर्थात ‘विजेची बचत : काळाची गरज’. सत्तरएक निबंधांपैकी बहुतेक सर्वांचा आरंभ ‘आजच्या आधुनिक युगात’ असा होता आणि शेवट एका हिंदी घोषणेने. एका मुलीने मात्र भलतेच काही लिहिले होते. वडिलांची रात्रपाळी, आई दोरीवर धुणे घालण्यापूर्वी वारा कोणत्या अंगाचा आहे ते पाहते, चादरी घरातच वाळतात, आणि मामाच्या घरी ठाण्यास गेल्यावर तेथे बाहेर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी पाहून आपल्यास काय वाटले. विजेची बचत करा असे तिने कोठेच म्हटले नव्हते. आमच्या मते पहिला क्रमांक तिचा. इतर दोघा परीक्षकांच्या मते निबंध ‘विषयाला धरून नाही’. बहुमताने तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. ह्या वाङ्मयाची अभिरुची कशी घडते ह्याचा तो नमुना म्हणून येथे नोंदवला आहे.

तिसरी कसोटी वाचकाची. ‘वाचवा’ ह्या आज्ञार्थास कर्ता नाही. कोणी वाचवावे? सर्वांनी. आणि सर्वांस उद्देशून केलेला उपदेश घरातला प्रत्येक जण शेजारच्यासाठी आहे असे समजून वाचतो. चित्रांत मात्र कर्ता दिसतो, तो बहुधा पदर खोचलेली गृहिणी. वाहती तोटी तिनेच बंद करावयाची, कढईवर झाकण तिनेच ठेवावयाचे, कुकरही तिनेच लावावयाचा. अंगणात नळी लावून मोटार धुणारे यजमान, किंवा गार हवेसाठी यंत्र अठरा अंशांवर ठेवून वर रजई पांघरणारे चिरंजीव, ह्यांचे चित्र कोण्या चित्रकाराने काढलेले आम्ही पाहिले नाही. जी आधीच पुरवून वापरते तिलाच काटकसर शिकवावी ह्यात काय हशील?

गॅसच्या बाबतीत ही चूक अधिक गंभीर होते. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ १९७८ साली स्थापन झाला तेव्हापासून मंद आच, झाकण, डाळ भिजत घालणे इत्यादी सूचना गृहिणींस मिळत आल्या आहेत, आणि शहरातील घरास त्या योग्यच आहेत. परंतु ऊर्जानगराच्या पलीकडे, ताडोबाच्या भोवतालच्या गावांत काय परिस्थिती आहे? तेथे चूल पेटते ती जंगलातल्या काटक्यांवर, आणि त्या आणावयास जावे लागते ते वाघाच्या राज्यात. चंद्रपूर-गडचिरोलीत सरपणास, मोहास, तेंदूपत्त्यास गेलेली माणसे वाघाने मारल्याची वार्ता आता वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर जाते, इतकी ती नित्याची झाली आहे. म्हणूनच २०१५ पासून जन-वन विकास योजनेखाली वनखात्याने जंगलालगतच्या गावांस सवलतीने गॅस देण्याचा उपक्रम केला; २०१६ पासून उज्ज्वला योजनाही आली. येथे प्रश्न सिलिंडर कमी वापरण्याचा नसून, तो रिकामा झाल्यावर पुन्हा भरून आणणे परवडेल काय, हा आहे. मोहर्लीकडील बाईने गॅस अधिक वापरला तर जंगल वाचेल, कदाचित तीही वाचेल; येथे ‘वाचणे’ हे क्रियापद आपल्या मूळ अर्थाने लागू पडते. तिला आणि तीन शेगड्यांच्या ओट्यापुढे उभ्या असलेल्या आमच्या घरच्या मंडळींना एकच पत्रक वाटणे म्हणजे उपाशी आणि अजीर्ण झालेल्या अशा दोघांस एकच पथ्य सांगणे होय.

मग हे वाङ्मय कधी साधतच नाही काय? साधते, पण तेव्हा त्याचे रूप निराळे असते. भारनियमनाचा जाच अतिशय वाढला होता तेव्हा, २००५ च्या सुमारास, महाराष्ट्रात अक्षय प्रकाश योजना निघाली. ज्या गावाने सायंकाळच्या भारवेळेत शेतीपंप आणि शेगड्या बंद ठेवावयाच्या व तारांवर टाकलेले आकडे काढावयाचे असे एकमताने ठरवले, त्या गावास त्या वेळी दिवे मिळावयाचे. येथे वाक्यास कर्ता होता: आपले गाव. कर्म होते: संध्याकाळचे हे इतके तास. आणि फळ त्याच रात्री घरात दिसत होते. हा उपदेश नव्हे, करार होता, आणि आमच्या खेडुतांस करार कळतो.

दुसरे उदाहरण दूरचे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात सॅन मार्कोस म्हणून गाव आहे. तेथील सुमारे तीनशे घरांच्या दारांवर मानसशास्त्राच्या काही अभ्यासकांनी चिठ्ठ्या अडकवल्या: तुम्ही इतकी वीज वापरली, शेजाऱ्यांची सरासरी इतकी. २००७ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सरासरीहून अधिक वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. परंतु कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला! आपण उगीचच मन मारीत होतो असे त्यांस वाटले असावे. ज्या चिठ्ठ्यांवर आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढला होता तेथे मात्र काटकसरी घरे काटकसरीच राहिली. शाबासकीवाचून काटकसर टिकत नाही, हे त्या वर्तुळातल्या दोन टिंबांनी आणि एका रेघेने जितके ओळखले तितके आमच्या घोषवाक्यकारांनी ओळखलेले नाही.

भीती घालूनही काम होते, पण ते पावसापर्यंत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले तेव्हा तेथे कोणास घोषवाक्य सांगावे लागले नाही. त्याच वर्षी मांजरा धरण भरले आणि भीतीचे प्रकरण संपले. ह्याउलट गाडगेबाबांची रीत पाहा. ते आमच्या विदर्भाचेच, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. आधी गाव झाडावयाचा, मग रात्री कीर्तनास उभे राहावयाचे. आणि कीर्तनातही आज्ञा थोड्या, प्रश्न फार. श्रोत्यांच्या तोंडून उत्तर वदवून घेतल्यावाचून ते पुढे सरकत नसत. हातात खराटा घेऊन केलेल्या उपदेशाची आणि कार्यालयात सर्व दिवे लावून, पडदे ओढून, गारव्यात बसून रचलेल्या घोषवाक्याची तुलना करणे अन्यायाचे होईल. तरी ती मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. घरे देशातील विजेचा सुमारे चौथा हिस्सा वापरतात. बाकी कारखाने, शेती, कार्यालये. शिवाय मागणी घटली म्हणजे भार नियंत्रित करणारे अधिकारी महाग पडणारी केंद्रे आधी मंद करतात. तेव्हा ठाण्यातला गीझर बंद केल्याने नेमका चंद्रपूरचाच कोळसा शिल्लक राहील असे छातीठोकपणे सांगता येत नाही. हे खरे आहे, आणि खरे आहे म्हणूनच पत्रकांत लिहिले पाहिजे. वाचकास अर्धे सत्य सांगून काटकसरीस प्रवृत्त करणे आम्हांस पसंत नाही; ज्या दिवशी त्यास उरलेले अर्धे कळते त्या दिवशी तो दोन्ही टाकून देतो. चौथा हिस्सा हा काही लहान हिस्सा नव्हे, आणि गारव्याची यंत्रे घरोघर येऊ लागल्यापासून तो घटण्याची चिन्हे नाहीत.

दुसरा आक्षेप असा की उपदेशाची गरजच काय. वस्तू बदला म्हणजे झाले. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत स्वस्त एलईडी दिवे विकले गेले, आजवर छत्तीस कोटींहून अधिक, आणि एकाही घरास स्वभाव पालटावा लागला नाही. ह्याचे आम्हांस कौतुकच आहे. पंख्याचेही तेच. जुना पंखा सुमारे ७५ वॅट ओढतो, नव्या तऱ्हेचा ३० च्या आसपास. चंद्रपुरात वर्षातले बहुतेक महिने पंखा दिवसाचे पंधरा तास फिरतोच, तेव्हा एका पंख्यामागे दीड दिवसात एक युनिट वाचते. परंतु स्वस्त दिवा घरी आणल्यावर तो पाच खोल्यांत लावावा की दोन, हे दिवा ठरवीत नाही. तेथे शब्दांचे काम शिल्लक राहते.

आणि कित्येकदा निवड खरोखर अवघड असते. पारा ४७-४८ अंशांवर गेला असता चंद्रपूरच्या माणसाने काय करावे? कूलर लावला तर तो डोळ्यांदेखत टाकीतले पाणी पितो, म्हणून पाणी वाचवणाऱ्यांस तो खुपतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र लावले तर तासाला सव्वा-दीड युनिट म्हणजे पाचएक लिटर पाणी इरईवर खर्ची पडते, पण ते दिसत नाही आणि कोळसा वेगळाच. आमचा कल अद्याप वाळ्याच्या ताट्यांकडे व कूलरकडे आहे; ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी ते चोवीस अंशांवर ठेवावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाप्रमाणे दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज कमी लागते, आणि २०२० पासून नवी यंत्रे चोवीसवरच सुरू व्हावीत असा नियमही आहे. तो अंक खाली नेण्याचे श्रम मात्र आमच्या घरचीच कोणी तरी घेते.

ह्या सर्व वाङ्मयात आम्हांस सर्वांत सरस वाटलेली कृती आता सांगतो. ती म्हणजे विजेच्या बिलाचा हिशेबाचा भाग. उपदेशाच्या ओळी वाचल्या नाहीत तरी चालेल. हिशेबात मागील महिन्यांच्या वापराचे स्तंभ उभे असतात, आणि शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या पायऱ्या असतात. पायरी चढली की दर चढतो. एप्रिलचा स्तंभ मार्चपेक्षा एवढा का उंचावला, दिवाळीत पाहुणे असूनही तो का वाढला नाही, ह्याविषयी घरातल्या चार माणसांनी जेवणानंतर पंधरा मिनिटे बोलावे असे ते लिखाण आहे. त्यात कर्ता आहे, त्याचे नाव व पत्ता आहे, कर्म आहे, काळ आहे. उणीव एवढीच की एका युनिटामागचा कोळसा, पाणी आणि राख ह्यांच्या तीन ओळी त्याखाली नाहीत. जागा पुष्कळ आहे. घोषवाक्य काढले की आणखी होईल.

पुढील १४ डिसेंबरास निबंधाचा विषय ‘आमच्या घरचे मागील बारा महिन्यांचे बिल’ असा ठेवावा, अशी सूचना आम्ही एका शाळेस लेखी केली आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.